येलवालच्या सीतालक्ष्मीची गोष्ट

हुळीत मीठ दोनदा पडलं होतं, एवढं नक्की. कुणी टाकलं, याचा निकाल मात्र लागत नव्हता.

हुळी म्हणजे आपली आमटीच, पण म्हैसूरच्या अग्रहारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतून तिला आमटी म्हटलं तर जेवणारा वर बघतो. तर त्या हुळीचा पहिला घास घेऊन तिरुमलरावांनी तोंड वाकडं केलं आणि विशालाक्षीबाई म्हणाल्या, "मी एकदाच घातलं मीठ. दुसऱ्यांदा तुम्ही घातलात."

"मी? मी स्वैपाकघरात आलोच नाही की गं."

"आलात. हिंग कुठं आहे विचारलात."

"अय्यो, हिंग मला कशाला पाहिजे?"

हिंग त्यांना कशाला पाहिजे होता हे विशालाक्षीबाईंनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी हुळीत गरम पाणी ओतलं. पण तेव्हापासून मनात एक भुंगा शिरला तो शिरलाच. हे आले होते का खरंच? की हिंगाचं काल विचारलं होतं आणि आज मीच दोनदा मीठ टाकलं?

गेलं वर्षभर त्या घरात हे असंच चाललं होतं. चष्मा तांदळाच्या डब्यात सापडायचा. वाचून घडी घातलेला पेपर तिरुमलराव पुन्हा उघडायचे आणि त्याच बातमीला तेवढंच नवल करायचे. धाकट्या बहिणीचा फोन आला की गोड बोलायचे, आणि फोन ठेवल्यावर विचारायचे, "कोण होत्या ह्या बाई?" एकदा विशालाक्षीबाईंनी धीर करून म्हटलं, तुम्ही विसरायला लागलात. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "परवा दूध कुणी उतू घालवलं?" ते दूध बाईंनीच उतू घालवलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हातून दूध उतू जात नाही असं घर कुठं असेल तर दाखवा. पण भांडणात तेवढं पुरतं, आणि एकदा पुरलं की आपलाच आपल्यावरचा भरवसा उडतो. या घरात डोकं कुणाचं बिघडलंय, हेच त्यांना कळेनासं झालं होतं.

मुलाला सांगावं तर रघूत्तम बेंगळूरला. रविवारी यायचा, अण्णांच्या मांडीला मांडी लावून क्रिकेट बघायचा आणि संध्याकाळी परत जायचा. बापलेक जुन्या सामन्यांच्या गप्पा मारायचे, त्यात तिरुमलरावांची एक धाव इकडची तिकडं होत नसे. मग आईची तक्रार कोण ऐकतो?

"अम्मा, सुम्ने, उगीच काळजी करतेस. अण्णा टकाटक आहेत. तूच एकदा दाखवून घेतेस का?"

हे तो प्रेमानंच म्हणाला. पण ते वाक्य विशालाक्षीबाईंच्या काळजात काट्यासारखं रुतलं. कारण तशी शंका त्यांना स्वतःलाही येत होती.

आणि तिरुमलराव डॉक्टरकडं जायचं नावच काढू देत नसत. "मला डॉक्टर कशाला? माझी परीक्षा होते दर तीन वर्षांनी. नेहमी फर्स्ट क्लास."

ही परीक्षा म्हणजे काय, ते सांगायला हवं. वीसेक वर्षांमागं एका संशोधन संस्थेची माणसं अग्रहारात घरोघर हिंडली होती. माणूस म्हातारा होतो तो नेमका कसा होतो, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी त्यांनी पन्नाशीच्या पुढची काही माणसं निवडली आणि ठरवलं, की हीच माणसं शेवटपर्यंत तपासायची. दर तीन वर्षांनी तीच माणसं, तीच मोजमापं, तेच प्रश्न. एका घरात एकच माणूस घ्यायचा म्हणून चिठ्ठी टाकली, आणि चिठ्ठी तिरुमलरावांची निघाली. विशालाक्षीबाई समोरच उभ्या होत्या, पण त्यांना कुणी मोजलं नाही.

रेशीम खात्यातून निवृत्त व्हायला आलेल्या माणसाची ती चिठ्ठी निघाली आणि मान जी ताठ झाली ती कायमची. परीक्षेच्या दिवशी तिरुमलराव पहाटे अंघोळ उरकायचे, कपाळावर अंगारा-अक्षता, अंगात इस्त्रीचा सदरा. संस्थेच्या गिरिजाबाई यायच्या. वजन घ्यायच्या, मुठीचा जोर मोजायच्या, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून बघायच्या. शेवटी एक लहानशी गोष्ट सांगायच्या, आणि ती तिरुमलरावांनी लगेच एकदा आणि थोड्या वेळानं पुन्हा एकदा सांगायची. तिरुमलराव ती घडाघडा सांगायचे. गिरिजाबाई म्हणायच्या, "सर, तुमचं कौतुक आहे." ते कौतुक मग पुढली तीन वर्षं बाईंना ऐकावं लागायचं.

या वर्षी पुन्हा फेरी होती, आणि रघूत्तमनं एक बरं केलं होतं. तो म्हणाला होता, "अम्मा, या वेळी मी स्वतः येऊन बसतो. परीक्षेत एवढंसं जरी काही दिसलं, तर दुसऱ्या दिवशी अण्णांना बेंगळूरला मोठ्या डॉक्टरांकडं नेतो. नाही दिसलं, तर मात्र हा विषय बंद. आयतु, ठरलं?"

"आयतु," विशालाक्षीबाई म्हणाल्या. त्यांनी सगळं त्या एका परीक्षेवर सोडलं होतं. नवरा नापास व्हावा असं कुठल्या बायकोला वाटतं? त्यांना वाटत होतं, आणि वाटतंय म्हणून स्वतःची लाजही वाटत होती.

परीक्षेच्या दिवशी सकाळीच घोटाळा झाला. तिरुमलराव नेहमीसारखे विड्याची पानं आणायला बाहेर पडले. दुकान कोपऱ्यावर, रोजचं. पण बराच वेळ झाला तरी येईनात. बाई दारात उभ्या, आत जातात, पुन्हा दारात येतात. शेवटी एक रिक्षा येऊन थांबली आणि रिक्षावाल्यानं तिरुमलरावांना हाताला धरून उतरवलं. ते पार बल्लाळ सर्कलच्या पलीकडं एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. घर कुठं विचारलं तर सांगेनात. खिशातल्या औषधाच्या पुडीवर औषधवाल्याचा पत्ता होता, तो वाचून त्या भल्या माणसानं अग्रहारात आणून चौकशी केली होती.

तिरुमलराव आत आले, पाय धुतले आणि म्हणाले, "कॉफी झाली का गं?" जसं काही झालंच नाही. हातात पानं मात्र नव्हती.

थोड्या वेळानं रघूत्तम आला. बाईंनी त्याला मागच्या अंगणात नेऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तिकडं सगळे वन-वे केलेत अम्मा, मीसुद्धा चुकतो." चालत्या माणसाला वन-वे कसला, हे विचारायचं बाईंच्या तोंडावर आलं होतं, पण तेवढ्यात दाराची घंटी वाजली.

गिरिजाबाई निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या जागी यशस्विनी नावाची मुलगी आली होती. पूर्वी म्हैसूरच्या महाराजांच्या सैन्यात असलेल्या मराठा घराण्यांपैकी एकातली. तिची मराठी जेमतेम, आजीशी बोलण्यापुरती. पण पहिल्या फेरीला जी भाषा, तीच शेवटपर्यंत, असा संस्थेचा दंडक होता. म्हणून बिचारी मराठीचा पाठ करून आली होती.

"सर, तुमी इथं बसा. मी विचारतो, तुमी सांगा. हेदरबेडी."

"मी कशाला घाबरतोय?" तिरुमलराव हसले. अंगारा-अक्षता, इस्त्रीचा सदरा, सगळं जिथल्या तिथं होतं. सकाळचा पायरीवरचा माणूस तो हाच, यावर कुणाचा विश्वास बसला असता?

वजन झालं, मूठ झाली, चालणं झालं. विशालाक्षीबाई स्वैपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या होत्या, गेली वीस वर्षं जिथं उभ्या राहायच्या तिथंच. रघूत्तम खुर्चीत पुढं सरकून बसला. यशस्विनीनं टॅबवरची गोष्ट एकेक शब्द जपून वाचली.

"येलवालची सीतालक्ष्मी पेरूंची टोपली घेऊन बसनं म्हैसूरला निघाली. वाटेत बस बंद पडली. ड्रायव्हरनं सगळ्यांना खाली उतरवलं. सीतालक्ष्मीनं तिथंच झाडाखाली बसून प्रवाशांना पेरू विकले. बाजाराला जायची गरजच उरली नाही. रिकामी टोपली घेऊन ती चालत निघाली आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचली."

"आता तुमी सांगा सर."

तिरुमलरावांनी डोळे मिटले. विशालाक्षीबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"येलवालची सीतालक्ष्मी," तिरुमलराव सुरू झाले आणि थांबलेच नाहीत. टोपली आली, बस आली, बंद पडली, ड्रायव्हर आला. "आणि बसमध्ये होतं एक शेळीचं पिल्लू. काळं, एका कानावर पांढरा ठिपका. त्यानं घातलं टोपलीत तोंड. सीतालक्ष्मी म्हणाली, एक घे, दुसरा मागू नकोस!" हे म्हणताना त्यांनी उजवा हात उचलून पुढं केला, कुणाला घास भरवावा तसा. मग झाड, पेरू, रिकामी टोपली, आणि शेवटी, "दिवस मावळायच्या आत पोचली घरी."

"सूपर सर!" यशस्विनी म्हणाली. "एक पण सुटलं नाही."

रघूत्तमनं सुटकेचा मोठा श्वास सोडला आणि आईकडं बघून भुवया उडवल्या. बघितलंस?

बघितलं होतं, पण कळलं काहीच नव्हतं. सकाळी घर न सापडलेला माणूस आता गोष्टीतला काना-मात्रा सोडत नव्हता. मग सकाळी काय झालं? रिक्षा आली होती ना? की तेही आपल्याच मनाचे खेळ? विशालाक्षीबाईंनी चौकटीला हात टेकला. मीठ मीच टाकलं असणार दोनदा. चष्माही मीच ठेवला असेल तांदळात. आणि ती शेळी...

शेळी कुठून आली?

मुलीनं वाचली होती का शेळी? आपण नीट ऐकलं नाही का?

दुसऱ्यांदा सांगायला अजून वेळ होता. तिरुमलराव तोंड धुवायला मागं गेले, तशा बाई पुढं झाल्या. "कणम्मा, तुझ्या गोष्टीत शेळी आहे का गं?"

"शेळी इल्ला अज्जी. सरांनी आपल्या मनानं घातली. जास्तीचं घातलं तर मार्क नाही, पण कट पण करत नाही."

"नाही ना? नक्की?"

यशस्विनीनं टॅब त्यांच्यापुढं धरला. शेळी नव्हती.

आणि मग विशालाक्षीबाईंना सगळं लख्ख आठवलं. ती शेळी त्यांचीच होती.

वीस वर्षांपूर्वी, पहिल्या फेरीला, याच उंबऱ्याशी उभ्या राहून त्यांनी गिरिजाबाईंची गोष्ट ऐकली होती. त्या वेळी रघूत्तमची मुलगी सहना लहान होती, त्यांच्याकडंच राहायची आणि जेवायला महा कटकट करायची. बाईंनी तीच गोष्ट तिला भरवताना सांगितली. दारात चालून आलेली गोष्ट, ती घरचीच झाली. नुसत्या पेरूंवर पोरगी तोंड उघडेना, म्हणून त्यात शेळीचं पिल्लू घातलं. "एक घे, दुसरा मागू नकोस" म्हटलं की सहना हटकून दुसरा घास मागायची. मग ती गोष्ट रोजचीच झाली. सहनाची झाली, शेजारच्या पोरांची झाली, जेवायला मागं राहणाऱ्या प्रत्येक पोराची झाली. आणि शेजारच्या पाटावर तिरुमलराव जेवत असायचे. रोज, वर्षानुवर्षं. परीक्षेचा पेपर बायको घरात रोज वाचून दाखवतेय, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही आणि तिच्याही नाही. गोष्ट सांगण्यात काही चूक असते, असं त्या घरात कुणाला सुचलंच नसतं.

त्यांनी ते दोघांना सांगितलं. भरभरा, अडखळत, अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये.

यशस्विनीचा चेहरा पडला. "अय्यो अज्जी, मग इतकी वर्षं..."

"अम्मा," रघूत्तम म्हणाला, "आता हे नवीन काय काढलंस? अण्णांनी गोष्ट सांगितली ना? पाठ असली म्हणून काय, आठवली तर खरी!"

"तीच आठवते रे. जुनी आहे ती. तू दुसरी सांग गं, नवीन. एखादी छोटीशी."

"दुसरी नाही अज्जी. सगळ्यांना एकच गोष्ट. आमी गोष्ट बदलली तर मागच्या वेळेशी कसं तुलना करायचं? तीच माणसं, तीच गोष्ट. तसंच आहे."

खरंच होतं तिचं. फूटपट्टी मधेच बदलली तर उंची वाढली की पट्टी आखूड झाली, कसं कळणार? पण या घरात ती पट्टीच वीस वर्षं चुलीपाशी पडून होती, त्याला कोण काय करणार?

"बरं," विशालाक्षीबाई म्हणाल्या. "तू नको सांगूस. मी सांगते."

तिरुमलराव तोंड पुसत आले आणि आपल्या जागी बसले. बाई यशस्विनीच्या शेजारी बसल्या. रघूत्तमनं "अम्मा, नक्को" म्हटलेलं त्यांनी ऐकलं नाही. त्यांना पुढचं सगळं दिसत होतं. ते ओळखतील, चिडतील. पोरासमोर, परक्या मुलीसमोर माझी अब्रू काढतेस का म्हणतील. चिडू देत. चिडले तर बरंच होईल, चिडायलासुद्धा आठवावं लागतं. देवा, चिडू देत यांना. मीच वेडी ठरते, चालेल.

"ऐकलं का," त्या म्हणाल्या, "अजून एक गोष्ट आहे. ऐका आणि मग मला सांगा."

"अजून एक? ह्या वेळी दोन?" तिरुमलरावांनी सदरा सारखा केला. "सांग, सांग."

"अग्रहारात एक गृहस्थ राहतात. आज सकाळी ते विड्याची पानं आणायला निघाले. दुकान कोपऱ्यावरच. पण चालत चालत ते पुढं गेले. सर्कलच्या पलीकडं गेले. मग त्यांना आपली गल्ली सापडेना. कुणाला विचारावं तर नाव आठवेना. ऊन झालं. ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. हातात पानं नाहीत, काही नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याकडं नुसते बघत बसले..."

रिक्षा यायची होती अजून. पण त्या थांबल्या आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

तिरुमलराव मन लावून ऐकत होते. परीक्षेला बसलेला मुलगा ऐकतो तसं, थोडं पुढं वाकून. चिडले नाहीत. डोळ्यांत ओळखीचं काही हललं नाही. फक्त चेहरा हळूहळू उतरत गेला. दुसऱ्याचं दुःख ऐकून भल्या माणसाचा उतरतो, तसा.

"अरेरे," ते म्हणाले. "उन्हात?"

"हो, उन्हात."

"म्हातारा माणूस की काय?"

"हो."

खुर्चीचा आवाज झाला. रघूत्तम उठून उभा राहिला होता. विशालाक्षीबाईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही. त्या बरोबर होत्या. मीठ, चष्मा, रिक्षा, सगळ्यात बरोबर होत्या. वर्षभर त्यांना एवढंच हवं होतं, आणि आता ते मिळाल्यावर वाटत होतं, आपणच वेड्या ठरलो असतो तर किती बरं झालं असतं.

तिरुमलराव अजून वाट बघत होते. गोष्ट अर्धीच राहिली होती ना. सीतालक्ष्मीची तर नेहमी शेवटपर्यंत जायची.

"मग?" त्यांनी काळजीनं विचारलं. "पोचले का गं ते घरी?"

"पोचले," विशालाक्षीबाई म्हणाल्या.

तिरुमलराव खुर्चीत मागं टेकले. "बरं झालं बाई," ते म्हणाले. "बायको बिचारी दारात उभी असंल."